जॅब न मारता थेट येणारा उजवा पंच कसा अडवायचा?

तुमचा प्रश्न असा, की नाशिकच्या क्लबमध्ये स्पारिंगला (सरावाच्या लढतीत) समोरचा मुरलेला बॉक्सर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ पंच, न टाकता एकदम उजवा मारतो आणि तो दिसतच नाही. दोघेही डावा पाय पुढे ठेवून खेळता, असं धरतो.

हा पंच मागच्या हाताचा, म्हणजे लांबून येतो. तरी लागतो, कारण आपण जॅबची वाट बघत असतो. १९७४ मध्ये किन्शासातल्या हेवीवेट लढतीत मुहम्मद अलीने जॉर्ज फोरमनला पहिल्याच राउंडमध्ये असेच उजवे मारले होते.

ग्लोव्हकडे बघू नका, नजर छातीवर ठेवा. त्याचा उजवा खांदा आणि मागची टाच हलली की समजा, आला. हनुवटी डाव्या खांद्याआड घ्या आणि अंग उजवीकडे वळवा. पंच खांद्यावरून घसरतो. किंवा डोकं डावीकडे काढा आणि लगेच डावा हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला पंच) त्याच्या यकृतावर. मला हाच उपाय जास्त आवडतो, कारण मग तो पुन्हा सहज उजवा टाकत नाही.

डावीकडे फिरत राहू नका, तिकडेच त्याचा उजवा आहे. आणि जॅब मारून डावा हात खाली आणत असाल, तर आधी ती सवय मोडा! सकाळी गोल्फ क्लब मैदानावर जोडीदाराला फक्त उजवाच मारायला सांगा, आधी अगदी सावकाश.