नावावरून चाल शोधायला जाऊ नका

तुमच्या लेकीच्या फाइफ-ड्रम पथकाला (फाइफ म्हणजे सैन्यात वाजणारी छोटी आडवी बासरी) 'सोल्जर्स जॉय' या जुन्या चालीच्या उगमावर टिपण हवंय, आणि पथकातले काही जण ती अमेरिकन यादवी युद्धात जन्मली म्हणतात, काही जण स्कॉटलंडची. याच गुंत्यात मीही अडकलो होतो, म्हणून जरा लांबण लावतोय. मी फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, वाजवतो, संगीताचा इतिहासकार नाही. तेवढं धरून वाचा.

यादवी युद्धाचा दावा लगेच सोडून द्या. त्या युद्धाशी जोडले जाणारे दारू-मॉर्फीनचे शब्द चालीवर मागाहून बसले. युद्ध सुरू झालं १८६१ मध्ये, आणि स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने १७८५ मध्येच 'द जॉली बेगर्स' या काव्यातल्या सैनिकाचं गाणं याच चालीवर रचलं होतं.

मला सर्वांत महागात पडला तो एका संस्थेचा हस्तलिखित विभाग. त्यांच्याकडे एका जुन्या फाइफवादकाची वही होती. त्यांचा हेका एकच: चालीचं नाव सांगा, मग बघू. मी पहिल्या आठ बारांची (तालाच्या मापांची) स्वरलिपी पाठवली. उत्तर आलं, 'या नावाची नोंद नाही.' अहो, मी नाव विचारलंच नव्हतं! वही पाहू द्या म्हटलं तर 'नाजूक आहे'; फोटो मागितले तर उत्तरच नाही. पुढे कधीतरी ती वही स्कॅन होऊन आली, तेव्हा माझी चाल तिच्यात भलत्याच नावाखाली स्वच्छ लिहिलेली दिसली. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने असं वागावं, याचा राग अजून जात नाही.

चाली म्हणजे सासरी नाव बदललेल्या सुना. माहेरच्या नावाने तिथे विचारलं तर कोण सांगणार? म्हणून स्वरांवरून जुळवा. पहिल्या ओळीतले ठोक्यावरचे स्वर लिहून काढा आणि फाइफच्या वह्यांइतकीच फिडलची ध्वनिमुद्रणंही ताडून बघा. डी आणि जी या पट्ट्या फाइफलाही सोप्या, फिडललाही. त्यामुळे छावणीत फाइफवर वाजणारी चाल फिडलवरून नाचात सहज जाई. लोकसंगीताचे अभ्यासक ॲलन जबूर यांनी १९६०च्या दशकात व्हर्जिनियात ध्वनिमुद्रित केलेले फिडलवादक हेन्री रीड ऐकाच, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. रीडना काही चाली क्विन्स डिलियन नावाच्या म्हाताऱ्या वादकाकडून मिळाल्या, आणि हे डिलियन अमेरिका-मेक्सिको युद्धात (१८४६-४८) फाइफ वाजवायला होते! पुस्तकांपेक्षा हा दुवा मला मोलाचा वाटतो. तरी सॅम्युअल बेयर्ड यांचं पेन्सिल्व्हेनियातल्या फाइफ-फिडलच्या चालींवरचं १९८२चं पुस्तक ग्रंथालयातून मागवा. ब्रूस-एमेट यांचं ड्रम आणि फाइफ वादकांसाठीचं १८६२चं मार्गदर्शक मात्र सैन्यात काय वाजत होतं एवढ्यासाठीच बघा, उगमासाठी नको.

आणि दिसेल त्या चालीला 'आयरिश' म्हणून मोकळं होऊ नका. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे संगीत-अभ्यासक ऑस्कर सॉनेक यांनी १९०९च्या अहवालात 'यँकी डूडल' या एकट्या अमेरिकन गाण्याच्या उगमाचे कितीतरी दावे तपासले, आणि त्यातले बहुतेक टिकले नाहीत. पथकाच्या टिपणात 'उगम' लिहूच नका. 'सापडलेली सर्वांत जुनी नोंद' असं लिहा आणि शेजारी वर्ष द्या.