इंग्रजीत अ, ॲन आणि द नेमकं कुठे लावायचं, हे कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण मराठी माध्यमात झालं, आर्टिकलचे नियम तोंडपाठ आहेत, पण मेल लिहायला बसलं की 'द' लावू का नको यातच अडकायला होतं. मी सोलापुरात एका टॉवेल कारखान्याचा परदेशी पत्रव्यवहार बघतो. आमच्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषा दिवसभर कानावर असतात आणि तिन्हींत इंग्रजीसारखं आर्टिकल नाही. त्यामुळे नवा माणूस ऑफिसात आला की हीच अडचण घेऊन येतो.

नियमांची यादी थोडे दिवस बाजूला ठेवा. एकच विचारा: मी कुठल्या वस्तूबद्दल बोलतोय हे वाचणाऱ्याला कळेल का? हा फरक तुम्ही मराठीत रोज करता. 'मी डॉक्टर शोधतोय' म्हणजे कुणीही चालेल. 'मी डॉक्टरांना शोधतोय' म्हणजे ठरावीक डॉक्टर. पहिला 'अ डॉक्टर', दुसरा 'द डॉक्टर'. मराठी हे काम कधी 'ला-ना'वर भागवते, कधी 'एक' किंवा 'तो' लावून, आणि बऱ्याचदा संदर्भावर सोडून देते. इंग्रजीला तसं सोडून चालत नाही.

आमच्या मेलमधली दोन वाक्यं बघा. 'वी हॅव सेंट अ सॅम्पल. प्लीज चेक द कलर.' सॅम्पल गिऱ्हाइकाला नवं आहे, म्हणून 'अ'. रंगाचा तर आधी उल्लेखच नाही, तरी 'द' कसा? कारण सॅम्पल म्हटलं की त्याचा रंग आलाच. कुठला रंग, हे कुणी विचारणार नाही. 'पहिल्यांदा अ, नंतर द' हा शाळेतला नियम इथे तोकडा पडतो. उलट 'सोलापूर इज फेमस फॉर टॉवेल्स' यात 'द' नको. 'द टॉवेल्स' लिहिलं तर वाचणारा विचारेल, कुठले टॉवेल?

मेल पाठवण्याआधी एक तपासणी मात्र न चुकता करा. मोजता येणारं एकवचनी नाम शक्यतो एकटं सोडू नका. त्याच्याआधी अ, द, माय, धिस असं काहीतरी हवं. 'वी हॅव वेअरहाऊस' चालत नाही, 'वी हॅव अ वेअरहाऊस' हवं. 'इन्फॉर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'मशिनरी' हे शब्द इंग्रजी मोजत नाही, म्हणून त्यांना 'अ' लागत नाही. आपल्याकडची बहुतेक गळती या एका तपासणीत सापडते.

आणि हे नुसतं शोभेचं व्याकरण नाही. 'देअर आर फ्यू डिफेक्ट्स' म्हणजे दोष जवळजवळ नाहीतच, माल चांगला. 'देअर आर अ फ्यू डिफेक्ट्स' म्हणजे काही दोष आहेत, तक्रार आलीय. एका 'अ'वर उत्तराचा सगळा सूर बदलतो.

'ॲन'चं सोपं आहे, कान लावा, स्पेलिंग बघू नका: ॲन अवर, अ युनिव्हर्सिटी. अ लेटर ऑफ क्रेडिट (बँकेचं पैशांचं हमीपत्र), पण त्याचंच छोटं रूप ॲन एलसी. विशेषनामं सरळ पाठच करावी लागतात: सोलापूरला काही नाही, पण नदीला द भीमा, द सीना, 'सोलापूर युनिव्हर्सिटी' तशीच, पण 'द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई'. त्यात तर्क शोधत वेळ घालवू नका.

सरावासाठी इंग्रजी पेपरातली छोटी बातमी घ्या, सगळी आर्टिकलं काढून ती वहीत उतरवा आणि दुसऱ्या दिवशी स्वतः भरा. मूळ बातमीशी ताडून जिथे फरक दिसेल तिथे थांबून बघा, की बातमीदाराने वाचकाला काय आधीच माहीत आहे असं धरलंय. काही ठिकाणी तुमचं आणि त्याचं दोन्ही बरोबर निघेल, फक्त अर्थ थोडा सरकलेला असेल. अशी वाक्यं वेगळी लिहून ठेवा, जास्त शिकायला तिथेच मिळतं.