गाडीच्या मागच्या काचेची सन फिल्म आधी बाहेरून बसव

भाऊ, आधी कायदा बघ: मागच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आरपार जायलाच हवा. गडद फिल्मचा मोह सोड.

नागपूरच्या मे महिन्यात हे काम उन्हात काढू नको, साबणाचं पाणी फिल्म सरकवायच्या आतच वाळतं. सकाळी, सावलीत कर.

ही काच दोन दिशांना वळलेली असते, म्हणून फिल्म थेट आतून बसत नाही. आधी बाहेरून तिला काचेचा आकार द्यायचा, मग आतून चिकटवायची. ती काचेच्या बाहेरून अंथर, लायनर (चिकट बाजूवरचा सोलून काढायचा पारदर्शक थर) वरच्या बाजूला. सगळा फुगवटा वर-खाली उभ्या सुरकुत्यांत गोळा कर आणि हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) एकेक सुरकुती आकसव. गन सतत हलती ठेव, एका जागी थांबली तर फिल्म करपते, काचही तडकू शकते. इथे वेळ लागू दे.

आणि आतल्या डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारांच्या) रेषांवर ब्लेड कधीच चालवू नको.