सुमो मल्लाचा दर्जा किती काळ टिकतो?

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी कुस्त्यांची दंगल भरते आणि माझा पुतण्या तालमीत जातो. जपानमध्ये सुमो मल्लांना दरमहा पगार असतो, असे तो सांगतो. हे खरे आहे का? तिथला किताब महाराष्ट्र केसरीप्रमाणे जन्मभर राहतो का? — एक वाचक, पारोळा (जि. जळगाव)

उत्तर : पगार असतो, पण सर्वांना नाही. व्यावसायिक सुमोच्या सहा श्रेणींपैकी वरच्या दोन, म्हणजे माकुउचीतील ४२ आणि जुर्योतील २८, अशा ७० मल्लांनाच तो मिळतो. खालच्या शेकडो मल्लांना स्पर्धेपुरता भत्ता आणि तालमीत राहणे-जेवणे, एवढेच. नवखा पोरगा पहाटे उपाशीपोटी मेहनत करतो, मग मांस, मासे आणि भाज्यांचा चांको नावाचा रस्सा रांधतो, ज्येष्ठ मल्लांना वाढतो आणि त्यांचे झाल्यावर उरलेल्यावर जेवतो.

किताबाच्या बाबतीत मात्र आपली आणि त्यांची रीत अगदी वेगळी आहे. चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरीचा मान मिळवला. तो आता कोणी काढून घेऊ शकत नाही. सुमोत दर दोन महिन्यांनी स्पर्धा होते आणि दर वेळी क्रमवारी नव्याने लागते. वरच्या श्रेणीतल्या मल्लाने १५ दिवसांतल्या १५ कुस्त्यांपैकी आठ जिंकल्या तर तो सहसा वर चढतो, आणि आठ हरला तर खाली येतो. जुर्योतून घसरला, की त्याच्याबरोबर पगारही जातो. तेरुनोफुजी यांचे उदाहरण पाहावे. ओझेकी या दुसऱ्या क्रमांकाच्या दर्जावरून, गुडघ्यांची दुखापत आणि आजारपण यांमुळे ते २०१९ मध्ये खालून दुसऱ्या श्रेणीपर्यंत घसरले, आणि तिथून पुन्हा चढत २०२१ मध्ये सर्वोच्च योकोझुना झाले. एवढी जिद्द मला दुसऱ्या कोणत्याही खेळात क्वचितच दिसली आहे.

योकोझुनाची पदावनती होत नाही. त्या मानाला साजेशी कुस्ती होत नसेल, तर त्याने स्वतःहून निवृत्त व्हावे अशी अपेक्षा असते, आणि माझ्या मते हा नियम पदावनतीपेक्षा कठोर आहे. खांदा वारंवार निखळत असूनही अंगमेहनतीने स्नायू कमावून ३१ अजिंक्यपदे जिंकणारे चियोनोफुजी मे १९९१ च्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी १८ वर्षांच्या ताकाहानादा यांच्याकडून हरले आणि तिसऱ्या दिवसाच्या पराभवानंतर त्यांनी निवृत्ती जाहीर केली.

पुतण्याला एक गोष्ट जरूर सांगावी. एका तालमीत साधारणपणे एकच परदेशी मल्ल घेतला जातो, आणि निवृत्तीनंतर संघटनेत वस्ताद म्हणून राहायचे तर मर्यादित जागांपैकी एक मिळावी लागते व जपानी नागरिकत्वही लागते. तेरुनोफुजी मूळचे मंगोलियाचे. त्यांनी २०२१ मध्ये ते नागरिकत्व घेतले, म्हणूनच २०२५ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांना वस्ताद होता आले.