सारासाते यांच्या ‘त्सिगॉयनरवायझेन’ची तुलना कोणत्या भागावरून करावी?

आपण विचारले आहे की, स्पॅनिश व्हायोलिनवादक-रचनाकार पाब्लो दे सारासाते यांच्या ‘त्सिगॉयनरवायझेन’ या व्हायोलिनरचनेसाठी व्हायोलिनवादक यशा हाइफेट्झ यांचे ध्वनिमुद्रण सर्वश्रेष्ठ मानले जात असताना, हिंदुस्थानी व्हायोलिन शिकणाऱ्या आपल्याला इट्झॅक पर्लमन अधिक का भावतात, आणि यात आपल्या कानांची काही उणीव आहे काय. उणीव मुळीच नाही. मात्र आपण दोघांना शेवटच्या द्रुत भागावरून जोखले आहे, आणि ही रचना तिथे जोखू नये असे माझे ठाम मत आहे.

१८७८ सालची ही रचना वाजवायला जेमतेम आठ-नऊ मिनिटे लागतात. शेवटच्या भागातला उसळता गज, डाव्या हाताने छेडलेल्या तारा आणि तो वेग हे सारे अतिशय कठीण आहे, परंतु ज्यांची ध्वनिमुद्रणे आपण ऐकतो त्या सर्वांना ते साधलेले असते, त्यामुळे तिथे फार तर कोण किती वेगात गेला एवढेच कळते. वादकाचा स्वभाव दिसतो तो आधीच्या संथ भागात. तिथे लयीचा धाक जवळजवळ उरत नाही, वाद्यवृंद एखादा स्वरमेळ धरून वाट पाहतो, आणि कोणत्या स्वरावर रेंगाळायचे, कुठे श्वास घ्यायचा, तानेसारखी स्वरांची लड कुठे सोडायची, हे वादक एकटा ठरवतो. आम्हा इंदूरकरांपैकी ज्यांचे कान गायक उस्ताद अमीर खाँ यांच्या झूमरा तालातल्या अतिविलंबित ख्यालावर तयार झाले आहेत, त्यांना इथे काय ऐकायचे हे वेगळे सांगावे लागत नाही: दोन स्वरवाक्यांच्या मधली जागा.

हाइफेट्झ यांनी ही रचना एकाहून अधिक वेळा ध्वनिमुद्रित केली. १९३७ मध्ये संचालक जॉन बार्बिरोली आणि लंडन सिम्फनी वाद्यवृंद यांच्यासह केलेले वादन आणि १९५१ मध्ये संचालक विल्यम स्टाइनबर्ग यांच्यासह केलेले वादन, ही दोन्ही मिळवून ऐकावीत. ते या मधल्या जागा फार लांबवत नाहीत. स्वरावरून स्वरावर एक तीव्र, चटकन संपणारी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) घेतात आणि पुढे निघतात. आपल्या पद्धतीत व्हायोलिनचे टोक पायावर टेकलेले असल्याने डावा हात मोकळा राहतो आणि लांब मींड सहज निघते. हनुवटीखाली वाद्य धरणाऱ्यांची मींड बहुधा आखूड असते, म्हणून ती कुठे घेतली आणि कुठे टाळली याला फार महत्त्व येते. हाइफेट्झ यांची निवड इतकी अचूक आहे की ऐकणाऱ्यावर ताण येतो. पर्लमन यांचे आंद्रे प्रेव्हिन आणि पिट्सबर्ग सिम्फनी यांच्यासहचे वादन भरघोस स्वराचे आहे. प्रत्येक स्वर पूर्ण भरल्याशिवाय ते पुढचा स्वर घेत नाहीत. स्वर लावण्याला सर्वांत वरचे स्थान देणाऱ्या तालमीतून आलेल्या आपल्याला ते जवळचे वाटणे मला अगदी स्वाभाविक वाटते.

व्हायोलिनवादक ॲन-सोफी मुटर यांचे जेम्स लेव्हाइन व व्हिएन्ना फिलहार्मोनिक यांच्यासहचे वादन मला काही ठिकाणी अति योजलेले वाटते, पण स्वराचा कंप कमी-जास्त करून एकाच स्वराचा रंग कसा बदलता येतो, हे विद्यार्थ्याने त्यांच्याकडून अवश्य ऐकावे.

द्रुत भागाच्या अगोदर घोडीवर म्यूट (आवाज मंद करणारा छोटा चिमटा) बसवून वाजवायची एक छोटी धून येते. ती एलेमेर सेन्टिर्माई या हंगेरियन संगीतकाराच्या गीताची चाल आहे, आणि माझ्या दृष्टीने खरी कसोटी हीच. इथे कौशल्य दाखवायला काही नसते, म्हणूनच पुष्कळ वादक ती अति करुण करून बिघडवतात. व्हायोलिनवादक मायकेल रेबिन यांनी फेलिक्स स्लॅटकिन यांच्या संचालनाखाली ती गाणाऱ्याच्या साधेपणाने वाजवली आहे, आणि केवळ या भागासाठी मी त्यांना हाइफेट्झ यांच्याही वर ठेवतो.

सारासाते यांनी स्वतः १९०४ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, ही रचना ध्वनिमुद्रित केली, पण त्यात नेमकी हीच धून गाळलेली आहे. त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांहून अधिक वादन मावत नसे. मध्येच कोणी बोलल्याचा आवाज येतो आणि लगेच द्रुत भाग सुरू होतो. खरखर पुष्कळ असली तरी हे ध्वनिमुद्रण टाळू नये, कारण पुढच्या पिढ्यांनी जिथे भावना ओतली तिथे मूळ रचनाकार किती हलक्या हाताने जातो, हे त्यातच ऐकू येते.

आपण आता संपूर्ण रचना एकामागून एक न ऐकता, प्रथम सर्वांचा फक्त आरंभीचा संथ भाग ऐकावा, मग सारासाते वगळून उरलेल्यांची म्यूटची धून ऐकावी, आणि द्रुत भाग दुसऱ्या दिवसावर ठेवावा. यानंतरही पर्लमनच आवडले, तर ती निवड निःशंकपणे आपली मानावी. हाइफेट्झ यांच्यासाठी मात्र १९३७ चे ध्वनिमुद्रण आधी घ्यावे, कारण संथ भागातली त्यांची मींड मला तिथे अधिक मोकळी वाटते.