हॉकीवर खर्च जरूर करा, पण घरावर कर्ज काढून नको

ताई, नमस्कार.

इतर वाचकांनाही विषय कळावा म्हणून तुमच्या पत्रातले आकडे आधी मांडतो. लेक पंधरा वर्षांची, यंदा दहावीत जाईल. फिलाडेल्फियाजवळच्या एका क्लबात फील्ड हॉकी खेळते, मिडफील्डला. क्लबची फी, विमानं, हॉटेलं, स्टिक-शूज धरून वर्षाला १४ हजार डॉलर लागतात. कॉलेजच्या संघात जागा मिळवून देण्यासाठी एक सल्लागार वर ५,५०० मागतोय. तिच्या ५२९ खात्यात (कॉलेजसाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) ६८ हजार आहेत आणि दर महिन्याला तुम्ही त्यात ८०० घालता. हॉकी सोडून बाकी सगळे खर्च आणि बचत जाऊन वर्षाला साधारण ९ हजार हातात उरतात. तुमचा बेत असा, की दोन वर्षं ५२९ थांबवायचं, यजमानांचं ४०१(के), म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यातला भरणा, कमी करायचं, घरावर ३० हजारांची क्रेडिट लाइन घ्यायची आणि डिव्हिजन वनची, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातली, स्कॉलरशिप मिळाली की सगळं वसूल होईल. धाकटा मुलगा अकराचा.

हा बेत मला मान्य नाही. हॉकी मात्र मुळीच सोडू नका. यजमान खडकीचे, म्हणजे धनराज पिल्लेंच्या गावचे. लेकीला टर्फवर पाहून त्यांचा जीव कसा सुपाएवढा होतो ते तुम्ही लिहिलंच आहे. त्या आनंदासाठी पैसे घालणं योग्यच आहे. माझा आक्षेप फक्त ‘वसूल होईल’ या हिशेबाला आहे.

कारण पाहा. देशभरात हायस्कूलमध्ये फील्ड हॉकी खेळणाऱ्या मुली ६० हजारांच्या घरात आहेत आणि एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या) तिन्ही डिव्हिजन मिळून जागा सहा हजारांच्या आसपास. त्यातले डिव्हिजन वनचे संघ फक्त ८० च्या आसपास. त्यांपैकी कुठल्याही नावाजलेल्या संघाची खेळाडूंची यादी उघडा आणि गावाचा रकाना वाचत जा. पेन्सिल्व्हेनिया, न्यू जर्सी, व्हर्जिनिया यांच्या मध्येमध्ये नेदरलँड्स, जर्मनी, अर्जेंटिना दिसेल. तिकडच्या मुली लहानपणापासून मोठ्या क्लबांत खेळून, वयानं थोड्या मोठ्या होऊन येतात. तुमच्या लेकीची स्पर्धा त्यांच्याशीही आहे.

आता पैशाचं. डिव्हिजन वनच्या एका संघाला वर्षानुवर्षं जास्तीत जास्त १२ पूर्ण स्कॉलरशिपइतकी रक्कम वाटता येत होती आणि ती वीस-पंचवीस मुलींत तुकडे करून वाटली जायची. एनसीएए आणि खेळाडू यांच्यातल्या २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांना ही मर्यादा राहिली नाही, तिच्याऐवजी संघात २७ जणींची मर्यादा आली. पण मर्यादा उठली म्हणून पैसा आपोआप येत नाही. फुटबॉल-बास्केटबॉलसारखी कमाई हॉकीला नाही, त्यामुळे कोचच्या हातातली रक्कम कॉलेज ठरवेल तेवढीच. डिव्हिजन टूची मर्यादा ६.३ स्कॉलरशिपची. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, प्रिन्स्टन वगैरेंच्या गटात) खेळासाठी एक पैसाही मिळत नाही. तिथली मदत घरच्या ऐपतीवर ठरते, डिव्हिजन थ्रीच्या बऱ्याच कॉलेजांत मार्कांवरही मिळते.

समजा, लेकीला एका खासगी विद्यापीठाकडून वर्षाला १२ हजारांची ऑफर आली. घरात पेढे वाटले जातील, आणि वाटावेतच. पण अशा बऱ्याच ठिकाणी राहणं-जेवण धरून वर्षाचा खर्च ८५ हजारांच्या पुढे गेलाय. म्हणजे उरलेले ७३ हजार तुमचे, आणि तेही चार वर्षं. याउलट शिपेन्सबर्ग घ्या. पेन्सिल्व्हेनियाचं सरकारी विद्यापीठ, डिव्हिजन टूमध्ये हॉकीची राष्ट्रीय विजेतेपदं जिंकलेलं. राज्यातल्या विद्यार्थ्यांना ट्यूशन वर्षाला ८ हजारांच्या आसपास, बाकी सगळं धरलं तरी तीस हजारांच्या आसपास. खेळाचा एक डॉलरही मिळाला नाही तरी हा मार्ग त्या ऑफरपेक्षा वर्षाला चाळीस हजारांनी स्वस्त पडतो. वेस्ट चेस्टर, मिलर्सव्हिल, कुट्झटाउन हीही त्याच सरकारी गटातली आणि तिथेही हॉकीचे संघ आहेत. पेन स्टेट विद्यापीठ यांच्याहून महाग आहे, पण तिथेही राज्यातल्यांना कमी दर, आणि संघ डिव्हिजन वनचा. खरी सवलत मिळते ती कॉलेजच्या निवडीतून आणि लेकीच्या मार्कांतून, हे यजमानांनाही नीट समजावून सांगा.

मार्कांचा विषय निघालाच आहे तर, डिव्हिजन वनमध्ये खेळायला हायस्कूलचे १६ ठरावीक विषय लागतात आणि त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण व्हावे लागतात. शाळेच्या काउन्सेलरकडून तिची यादी याच महिन्यात तपासून घ्या. याला पैसे पडत नाहीत.

मैत्रिणीनं तुम्हाला सांगितलंय, की ५२९ रिकामं ठेवलं तर कॉलेजसाठी आर्थिक मदत जास्त मिळते. एफएएफएसएच्या, म्हणजे आर्थिक मदतीच्या सरकारी अर्जाच्या, हिशेबात आईवडिलांच्या नावच्या ५२९ मधले जास्तीत जास्त ५.६४ टक्के धरले जातात. म्हणजे ६८ हजारांमुळे मदत वर्षाला फार तर सुमारे ३,८०० नं घटेल. तेवढ्यासाठी खातं आटवायचं? शिवाय त्यातून क्लबची फी भरलीत तर वाढीवर कर आणि वर १० टक्के दंड. उद्या स्कॉलरशिप मिळालीच, तर तेवढी रक्कम दंडाशिवाय काढता येते, धाकट्याच्या नावावरही वळवता येते, आणि खातं १५ वर्षं जुनं असेल तर लेकीच्या रॉथ आयआरएमध्ये (निवृत्तीच्या खात्यात) आयुष्यात ३५ हजारांपर्यंत नेता येते. म्हणून ८०० चालूच ठेवा.

४०१(के) ला तर हातच लावू नका. निवृत्तीच्या खात्यातली शिल्लक एफएएफएसएमध्ये धरतच नाहीत, आणि भरणा कमी केलात तर कंपनीची जोड रक्कमही जाऊ शकते. घरावरच्या क्रेडिट लाइनचं व्याज बदलतं असतं. पहिला हप्ता सुरू होईल तेव्हा लेक अकरावीतही नसेल आणि धाकट्याचं कॉलेज अजून पुढे उभं असेल. मुलीच्या नकळत प्रत्येक सामन्यावर त्या कर्जाचं ओझं येतं. एखादा पेनल्टी कॉर्नर हुकला की गाडीत कोणी बोलत नाही, असं मी पाहिलंय. पंधरा वर्षांच्या पोरीवर ते कशाला?

म्हणून हॉकीसाठी ९ हजारांची मर्यादा घाला, आणि ते घरात उरणाऱ्या पैशांतूनच. तुम्ही राहता तो भागच या खेळाचं माहेर आहे. लँकेस्टरजवळचं स्पूकी नूक हे क्रीडा संकुल गाडीनं जाण्याच्या अंतरावर आहे आणि बऱ्याच कोचेसचा वावर याच पट्ट्यात असतो. विमानाच्या दोन स्पर्धा गाळा, त्याऐवजी तिला आवडणाऱ्या दोन-तीन कॉलेजांच्या स्वतःच्या कॅम्पला पाठवा. तिथे प्रत्यक्ष तो कोच तिचा खेळ पाहतो. सल्लागाराला नकार द्या. डिव्हिजन वनच्या कोचला दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासूनच मुलीशी थेट संपर्क साधता येतो, ही तारीख कोणी विकत घेऊन अलीकडे आणू शकत नाही. पत्र मुलीनं स्वतः लिहायचं, सोबत चार मिनिटांचा व्हिडिओ, मार्क आणि सामन्यांचं वेळापत्रक. तुम्ही लिहू नका, कोचला आईचा मेल लगेच ओळखू येतो.

ऑफर आली तर ती कागदावर मागा. रक्कम एका वर्षाची आहे की चारही वर्षांची, आणि दुखापत झाली तर काय, हे दोन प्रश्न विचारताना संकोच करू नका. राहण्या-जेवणासाठी दिलेली स्कॉलरशिप करपात्र असते, हेही धरून चाला.

डिव्हिजन थ्री गंभीरपणे पाहा. मिडलबरीसारख्या कॉलेजनं तिथे अनेकदा राष्ट्रीय विजेतेपद जिंकलंय आणि गरजेनुसार मदतही देतं. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो, मदत वजा जाता खर्च किती पडेल याचा अंदाज तो देतो. या शनिवारी दोघांनी बसून सहा कॉलेजांत आपले आकडे घाला. खासगी कॉलेजं बरेचदा सीएसएस प्रोफाइल (मदतीसाठीचा वेगळा, सविस्तर अर्ज) मागतात आणि काही ठिकाणी त्यात घराची किंमतही मोजतात, तो आकडा खरा भरा. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात एखादा कोच ‘प्रवेश कार्यालयाकडून प्री-रीड करून घेतो’ (म्हणजे अर्जाआधीच प्रवेशाचा अंदाज घेतो) म्हणाला, तर आर्थिक मदतीचाही अंदाज त्याच वेळी मागून घ्या. तो अंदाज आणि ५२९ ची तेव्हाची शिल्लक मला पाठवा, मग कुठलं कॉलेज परवडतं ते बसून ठरवू.