वाचक विचारतात : आग्वाद पाहिला, इन्सेनचं काय?

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. आमच्या वर्गाची सहल आग्वादच्या, पोर्तुगीज काळातल्या राजकैद्यांच्या तुरुंगातलं संग्रहालय पाहून आली. परतताना बसमध्ये ब्रह्मदेशातल्या राजकैद्यांचा विषय निघाला. मैत्रीण म्हणाली, ‘‘तिथल्या नेत्या आँग सान सू ची बाईंनी २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयात लष्कराची पाठराखण केली. पुढं त्याच लष्करानं त्यांना आत टाकलं, तर आपण का हळहळायचं?’’ मला उत्तर सुचलं नाही.
– एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : मैत्रिणीचा राग रास्त आहे. तिथल्या रोहिंग्या मुसलमानांवर जे गुदरलं, त्याबाबत लष्कराचा बचाव करायला सू ची हेगला गेल्या; तो डाग पुसला जाणार नाही, पुसूही नये. पण बाय, आत काय त्या एकट्याच गेल्या? १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर राजकीय कारणांसाठी पकडलेल्यांची संख्या २०२४ साली २५ हजारांच्या वर गेली होती. त्यांत डॉक्टर आहेत, शाळामास्तर आहेत, कवी आहेत, फेसबुकवर चार ओळी लिहिणारी पोरं आहेत. त्यांना नाव नाही, म्हणून आपण सगळ्यांना मिळून एकच चेहरा देऊन टाकला.

विन टिन हे नाव तुमच्या बसमध्ये कुणी घेतलं का? हे पत्रकार १९८९ मध्ये आत गेले, सुटले २००८ मध्ये. काही काळ लष्करी कुत्र्यांसाठी बांधलेल्या कोठडीत काढला. कागद-लेखणी जवळ बाळगणं हाच तिथं गुन्हा. म्हणून विटेचा चुरा पाण्यात कालवून त्यांनी भिंतीवर लिहिलं. मंडालेत टिळकांना शाई नाही तरी पेन्सिल मिळाली होती. सुटल्यावरही विन टिन कैद्यांच्या रंगाचा निळा सदराच घालत राहिले. साथीदार आत आहेत तोवर मीही मोकळा नाही, असं त्यांचं म्हणणं. २०१४ साली गेले, तोवर सदरा बदलला नाही.

दुसरे को जिमी. लष्करी राजवटीविरुद्ध ८ ऑगस्ट १९८८ ला झालेल्या लोकांच्या उठावातले विद्यार्थी, आयुष्याची कितीतरी वर्षं गजाआड. जुलै २०२२ मध्ये त्यांना आणखी तिघांबरोबर फासावर चढवलं. त्या तिघांत फ्यो झेया थॉ होता, आधी हिपहॉप गायक, मग खासदार. त्या देशात कित्येक दशकांनी फाशी दिली गेली. देहही घरच्यांच्या हाती दिले नाहीत.

आणखी एक चाल सांगतो, ती गोंयकाराला चटकन कळेल. यांगूनचा इन्सेन तुरुंग इंग्रजांनी बांधलेला. पण नावाजलेल्या कैद्याला पुष्कळदा तिथं ठेवत नाहीत, देशाच्या दुसऱ्या टोकाला धाडतात. झारगनार हा विनोदी नट, शिक्षणानं दंतवैद्य. २००८ च्या नर्गिस वादळानंतर सरकारच्या हलगर्जीपणावर बोलला म्हणून धरला आणि पार उत्तरेला मिचिनाला नेऊन टाकला. घरच्यांनी डबा कसा पोचवायचा? शिक्षा एकाला, फरपट सगळ्या घराची. माझे काका आग्वादला होते, तेव्हा आजी फोंड्याहून पणजीला, तिथून बेतीच्या फेरीबोटीनं पलीकडे आणि पुढं पायी जायची. तिला तो तुरुंग निदान गाठता तरी येत होता. गोवा मुक्तिलढ्यातल्या मोहन रानड्यांना पोर्तुगालला नेलं आणि लिस्बनजवळच्या काशियशला ठेवलं. १९ डिसेंबर १९६१ ला आपण मुक्त झालो, ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये. सात वर्षं आपण मुक्तिदिन साजरा करत होतो आणि ते आत होते! सुधीर फडक्यांसारखी माणसं त्यांच्या सुटकेसाठी हात धुऊन मागं लागली, म्हणून तरी विषय जिवंत राहिला.

आपण काय करणार, हे तू विचारलेलं नाहीस, पण पुढचं पत्र त्याचंच येईल, म्हणून आताच लिहितो. थायलंडच्या माए सोत गावात सुटून आलेल्या कैद्यांनीच २००० साली राजकैद्यांना मदत करणारी संस्था काढली. ती यादी ठेवते : कोण, कधी धरला, कुठल्या कलमाखाली, कुठल्या तुरुंगात. वरवर कारकुनी काम. पण यादीत नाव चढलेला माणूस गुपचूप नाहीसा करणं अवघड जातं. ती यादी उघडून बघ. पाच नावं वहीत उतरव आणि कॉलेजच्या भित्तिपत्रकावर लाव. भाषण नको.

प्रश्न : ब्रह्मदेशातल्या लोकांना कोणत्या कायद्याखाली पकडतात?
– एक निवृत्त कारकून, म्हापसा

उत्तर : बहुतेकदा दंडसंहितेच्या ५०५ व्या कलमाखाली. २०२१ च्या लष्करी उठावानंतर लष्करानं त्याला ५०५-अ हे शेपूट जोडलं. सरकारी नोकराला संपाची चिथावणी दिली तरी ५०५ लागतं. ही संहिता इंग्रजांची, आपल्या जुन्या भारतीय दंडसंहितेची सख्खी बहीण. टिळकांना मंडालेला पाठवणारं राजद्रोहाचं १२४-अ तिथं अजून आहे. आपल्याकडे गोव्यात तेव्हा पोर्तुगीज कायदा होता, पण आत टाकायला त्यालाही कधी काही कमी पडलं नाही.